माझ्या बायकोच्या पोटातला आकडा

बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही म्हणणाऱ्यांनी माझ्या घरी चार दिवस राहून बघावं. आमच्या हिच्या पोटात एक आकडा कित्येक महिने राहिला, आणि माणूस आपल्याच घरात कसा कोंडला जातो ते मी तेव्हा पाहिलं. कामावर तिला सगळे तिजोरी म्हणतात. सुरुवातीला तिला ते कौतुक वाटायचं.

ती रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात संगणक सांभाळते. संशोधक नाही, यंत्रं चालू ठेवायची, आलेली माहिती साठवायची आणि काही बिघडलं की बोलणी खायची. मी गाद्या विकतो, त्यामुळे तिने जेवताना समजावलं तेवढंच मला येतं. आकाशभर हायड्रोजन पसरलाय आणि त्यातून अगदी क्षीण रेडिओ लहरी येतात. त्यावरून तो कुठे किती गोळा झालाय याचा नकाशा काढता येतो. गोळा करतं गुरुत्वाकर्षण. तेव्हा तो किती वेगाने गोळा होत गेला हे मोजलं, की गुरुत्वाकर्षणाचा जुना नियम इतक्या अफाट अंतरावरही लागू पडतो का, ते कळतं.

सरांचं म्हणणं होतं, पडत नाही. तिथे ओढ थोडी जास्त असते. सर म्हणजे केंद्राचे जुने प्रमुख. हिला नोकरी त्यांनीच दिली, आणि त्यांच्यासमोर ही कधी खुर्चीला पाठ टेकत नसे. उभा जन्म त्यांनी या एका म्हणण्यापायी घातला. पण माणूस सरळ. आपल्याला हवं तेच उत्तर आपण नकळत मोजून बसू, अशी त्यांना धास्ती. म्हणून नियम त्यांनीच घातला: मोजमापात मुद्दाम एक खोटा आकडा मिसळायचा, तो एकाच माणसाला ठाऊक असायचा. सगळ्या तपासण्या झाल्या की सर्वांदेखत तो वजा करायचा आणि जे उरेल ते मान्य करायचं. त्या एका माणसाच्या जागी सरांनी हिला बसवलं.

नुसता खोटा आकडा ठाऊक असून काही कळत नाही, तोवर ठीक होतं. पण एका दुपारी पाण्याच्या यंत्राशेजारी कुणीतरी अर्धवट निकालाचा आलेख चिकटवला. ही पेला भरत होती. डोक्यातली वजाबाकी काही परवानगी मागून होत नाही. जुना नियम तंतोतंत बरोबर निघाला. सर चुकले होते.

हे मी आज सांगू शकतो, कारण निकाल आता जाहीर झालाय. तेव्हा मला एवढंच दिसलं, की ही डबा तसाच परत आणते, मागच्या जिन्याने ये-जा करते. कामावर सगळे तिच्या तोंडाकडे बघायचे. हसली तर का हसली, गप्प बसली तर का गप्प. माझा धंदा झोपेचा, आणि घरात हिची झोप उडालेली.

त्याच सुमारास सर अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी हात टेकले. तपासण्या संपायला अवकाश होता आणि सरांपाशी तेवढा वेळ नव्हता. हिने धीर करून नव्या प्रमुखांना विचारलं, सरांपुरतं आधी सांगता येईल का. ते म्हणाले, बाहेर फुटलं तर इतक्या जणांच्या कामावर कुणी विश्वास ठेवणार नाही. मग हळूच विचारलं, बातमी वाईट आहे का? ही उत्तर न देता घरी आली. त्या दिवसापासून तिने सरांकडे जाणंच सोडलं. सरांच्या बायकोला ते लागलं, आणि लागणारच.

मी चिडून म्हणालो, सरळ खोटं सांग, म्हातारा सुखाने जाईल.

"त्यांना खोटं सांगू?" ती म्हणाली. "मी गेले तरी त्यांना कळेल, नाही गेले तरी कळेल. मला तोंड लपवायला जागा नाही रे."

मला त्या नियमाचा, त्या हायड्रोजनचा आणि खरं सांगायचं तर सरांचाही राग आला. चांगल्या माणसाने दुसऱ्याला असं अडकवू नये.

शेवटी सरांना पाठीला जखमा झाल्या म्हणून त्यांच्या बायकोने माझ्याकडून मऊ गादी मागवली. सोबत निरोप होता: तिला घेऊन या, हे काही विचारणार नाहीत.

आम्ही गेलो तेव्हा सर डोळे मिटून पडले होते. "आलीस? बस," ते म्हणाले. "मी डोळे उघडणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस."

मग त्यांनी संगणकांची चौकशी केली, कुठलं यंत्र रुसलंय ते विचारलं. ही हो-नाही करत राहिली. आवाज आपला ठेवायला तिला किती कष्ट पडत होते ते मला कळत होतं. पांघरुणावर त्यांचा हात पडला होता, नुसती हाडं उरलेला. तिला राहवलं नाही. तिने तो धरला.

"हात काढ, पोरी," सर म्हणाले. "हातही बोलतो."

तिने हात काढून घेतला आणि पदरात घट्ट दाबून धरला. सरांचा हात तसाच उघडा राहिला. तिने माझ्याकडे बघितलं.

मी पुढे होऊन तो धरला.

"कोण?" सरांनी विचारलं.

"गादीवाला," मी म्हणालो. "मला काही ठाऊक नाही."

त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि आम्ही निघेपर्यंत सोडला नाही.