सातारा ते सांगली, तेल गळत गळत

साताऱ्याहून सांगलीला जायला एस्टी आहे, रेल्वे आहे, हायवेला हात दाखवला की थांबणाऱ्या जीपगाड्या आहेत. पण ही सोय सामान्य माणसांसाठी. ज्यांच्या दारात म्हातारी मोटार आणि घरात निवृत्त फौजी ड्रायव्हर आहे, त्यांच्या नशिबात असले लाड नसतात. "दारात गाडी आसताना एस्टीनं? लोक काय म्हणतील?" असं आमच्या हवालदारांनी जाहीर केलं आणि विषय मिटला. हवालदार म्हणजे माझे यजमान. फौज सोडून त्यांना बरीच वर्षं झाली, हुकूम सोडायचं तेवढं राहून गेलं.

जायचं कारण मात्र चेष्टेचं नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीचं, मंगलचं, सांगलीला पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. नवरा गेलेला, मुलगा सरहद्दीवर, त्याला रजा मिळाली नाही. जवळ फक्त सून, स्वाती. मंगल कापाकापीला भीत नव्हती, भुलीला भीत होती. "आक्का, झोपवल्यावर मी उठलेच न्हाई तर? आत नेईस्तवर तू माझा हात धरून ऱ्हा," असं तिनं फोनवर दोनदा म्हटलं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं. दुपारी तिला आत नेणार होते. आम्ही उजाडताच निघालो, म्हणजे वेळ चिक्कार होता.

गाडी अंगणातून बाहेर काढली, तर फरशीवर लालसर तेलाचा डाग.

"आवं, तेल गळतंय."

"जुनी गाडी हाय. घाम येतो तिला."

डॉक्टर झाले असते तर हवालदारांनी किती रोगी असेच हसत हसत घरी पाठवले असते! मी गाडीत बसले. दसरा नुकताच झाला होता. रस्त्याकडेच्या शिवारात सोयाबीनची मळणी चालली होती, हवेत तूस उडत होतं, आणि उजव्या हाताला डोंगर हिरवेगार दिसत होते. अशा वेळी गाडीतून एक बारीक रडका आवाज येऊ लागला. जसं स्टिअरिंग वळे, तसं ते कण्हे. उंब्रज येईपर्यंत ते इतकं जड झालं, की हवालदारांचा उजवा खांदा बोलू लागला. फौजेतच तो निखळला होता. तेव्हापासून पावर स्टिअरिंग आहे म्हणूनच ते गाडी चालवतात, हे त्यांच्यादेखत बोलायचं नसतं.

उंब्रजला चहाच्या टपरीसमोर बॉनेट उघडलं. आपल्याकडे बॉनेट उघडणं म्हणजे आमंत्रण देणंच. चहा तसाच ठेवून तिघेजण आले.

"पंप गेला बघा."

"पंप कशाचा? सील गेलंय. माझ्या मेव्हण्याच्या गाडीचं आसंच झालं हुतं."

"रॅक बदला गड्या, रॅक. न्हाईतर कऱ्हाडच्या फुडं जात न्हाई ही."

तिघांचीही तोंडं इंजिनाच्या मागच्या बाजूला. हवालदारही तिकडेच वाकले. स्टिअरिंगच्या तेलाची डबी रिकामी होती. त्यांनी दुकानातून तेल आणलं, ओतलं, आणि मला म्हणाले, "झालं. फौजेत आमी असल्या गाड्या घेऊन बर्फातनं गेलोय." बर्फात तेल गोठत असेल, म्हणून गळत नसेल. हे मी मनातच म्हटलं, कारण घड्याळाकडे बघत होते.

कऱ्हाडला तेल पुन्हा संपलं. तिथल्या दुकानदाराने गळती थांबवणारं एक औषध दिलं. कुठूनही गळू द्या, आतून भरून येतं, असं तो छातीठोकपणे सांगत होता. हवालदारांचा त्याच्यावर तत्काळ विश्वास बसला. माझ्यावर लग्नाला इतकी वर्षं होऊनही बसलेला नाही. "आपण एस्टी पकडू या का?" मी विचारलं. "गाडी रस्त्यात टाकून?" असं त्यांनी अशा आवाजात विचारलं, की जणू मी जखमी जवानच सोडून चालले आहे. औषध ओतण्यात, हलवण्यात, ते मुरण्याची वाट बघण्यात आणखी वेळ गेला. स्वातीचा फोन आला, सासूबाई विचारत्यात कुठवर आला. मला रडू यायला लागलं आणि रागही.

पेठ नाक्याला औषध रस्त्यावर सांडलं, तेलासकट. आता स्टिअरिंग म्हणजे जात्याचा दगड. पंप कोरडा फिरून जळू नये म्हणून हवालदारांनी त्याचा पट्टा काढला, हे मात्र शहाणपणाचं. मग वळायला गेले आणि "आई गं" म्हणून खांदा धरून बसले.

"उतरा," मी म्हटलं.

"तू चालवणार?"

"लायसन्स काय ओवाळायला काढलंय?"

हवालदार पलीकडे जाऊन बसले. सरळ रस्त्याला काही नाही, वळण आलं की जोर. इस्लामपूरच्या चौकात मी दोन्ही हातांनी ओढलं तरी चाक वळेना, तेव्हा शेजारून त्यांनी डाव्या हाताने ओढलं. संसारात पहिल्यांदाच आम्ही एका दिशेला ओढत होतो. आष्टा गेलं, मागचे ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवून दमले.

दवाखान्यात पोचलो, तर खाट रिकामी. स्वाती म्हणाली, "मावशी, मघाच नेलं. लय वाट बघितली त्यांनी." मी बाकावर बसले. हवालदारांकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांच्याशी भांडायला अंगात बळ उरलं नव्हतं. ते म्हणाले, "मी गाडी दावून येतो." जा म्हटलं.

पुढचं त्यांनीच सांगितलं, तेही फार खोदल्यावर. सांगलीचा मिस्त्री मोठा बोलघेवडा. मागचं काही न बघता त्याने आधी पुढच्या जाळीत बॅटरी मारली. जाळीच्या मागून एक पाइप जातो, त्यातून स्टिअरिंगचं तेल फिरून थंड होतं. त्या पाइपाच्या रबराला तारेचा फास बसला होता.

"ही तार कुणी बांधली?"

बांधणारे समोरच उभे होते. खंडेनवमीला गाडीची पूजा झाली, हार झाला, लिंबू-मिरची झाली. लोक ती दोऱ्याने अडकवतात. पण दोरा तुटतो, आणि फौजेत काहीही तुटलेलं चालत नाही. म्हणून हवालदारांनी बांधकामाची तार घेतली, जाळीतून आत घातली आणि आत जे घट्ट लागलं त्याला पिळून बांधली. तेव्हापासून प्रत्येक खड्ड्यात ती तार रबर कापत होती.

"हवालदार, तुमच्या गाडीला भाईरच्याची दिष्ट लागायची गरजच न्हाई," मिस्त्री म्हणाला. त्याने कापलेला तुकडा काढून नवा बसवला, दोन्ही टोकांना पट्ट्या आवळल्या, पट्टा चढवला, तेल भरलं. मग हवेचे बुडबुडे निघेपर्यंत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं. एवढंच काम होतं. ते उंब्रजलाही झालं असतं, कुणी पुढून बघितलं असतं तर.

मंगलला बाहेर आणलं तेव्हा आम्ही दोघंही शेजारी होतो. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले.

"आक्का, आत नेताना तू हात धरलास न्हवं, मग मला कायबी भ्या वाटलं न्हाई."

स्वातीने माझ्याकडे बघितलं. ऑपरेशन थिएटरच्या दारापुढे तिलाही सोडलं नव्हतं. टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्यालाही चूक सुधारून सांगणारे आमचे हवालदार, त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि खिडकीतून बाहेर बघत बसले.

"व्हय," मी म्हटलं. "धरला हुता की."

मंगलला घरी सोडून दोन दिवसांनी परत निघालो. स्वातीने भडंग (तिखट लावलेले चुरमुरे) पिशवीभर दिले. हवालदारांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. स्टिअरिंग आता एका बोटावर फिरत होतं. प्रवासाने माणूस शहाणा होतो म्हणतात. आमच्यातला एक झाला असावा, कारण कऱ्हाडपर्यंत त्याने मला गिअर बदलायलाही सांगितलं नाही. मी मात्र वाटभर भांडणाची तयारी करत होते आणि भांडण काही जमत नव्हतं.

संध्याकाळी मंगलचा फोन आला. मुलाशी बोलली होती, त्याला सगळं सांगितलं म्हणाली. "तुजा हात लय गार हुता गं आक्का, पण तू सोडला न्हाईस. मी झोपेस्तवर धरून बसलीस."

ती झोपेपर्यंत माझे दोन्ही हात आष्ट्याच्या पुढे कुठेतरी स्टिअरिंगवर होते. कुणा नर्सचा हात होता, मला माहीत नाही. तिचं नाव विचारायलाही आता तोंड नाही, कारण तो हात माझा आहे.