डेट्रॉईटजवळच्या भिंतीवरची यादी

सुशीलाचं वर्षश्राद्ध उरकलं आणि महिन्याभरानं मी अमेरिकेला निघालो. लेक वैशाली आम्हा दोघांना कधीपासून बोलावत होती. सुशीला म्हणायची, "गुडघं जरा बरं होऊ देत, मग जाऊ." गुडघे राहिले बाजूला, तीच गेली.

निपाणीहून बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळापर्यंत पुतण्यानं सोडलं. बेंगळूरहून मोठं विमान. माझ्या शेजारी आमच्याच वयाचं जोडपं होतं. म्हातारी सगळ्या वाटेनं नवऱ्याच्या मागं लागलेली. पट्टा लाव, गोळी घेतली का, पाय हलव. त्याला कंटाळा आलता. मला मात्र त्याला उठवून त्याच्या जागी बसावंसं वाटलं. आधीच सांगून टाकतो, या प्रवासात मी जिथं गेलो तिथं कुणाचा तरी हेवाच केला. ज्याला डोंगर-दऱ्या वाचायच्या असतील त्यानं दुसऱ्याचं वाचावं.

वैशालीचं गाव डेट्रॉईटपासून तासाभरावर. रस्ते आपल्या हायवेच्या दुप्पट, आणि रस्त्यावर माणूस नाही. वाटेत मोटारींचे कारखाने लागले. एकेकाच्या कुंपणात आमच्याकडचं अर्धं संकेश्वर गाव बसंल. दोनमधून धूर निघत होता, तिसऱ्याच्या आवारात गवत छातीएवढं.

"इथं तीन पाळ्या चालायच्या, अण्णा," जावई प्रशांत म्हणाला. "आता गोदाम करायचं म्हणतायत."

तो स्वतः एका मोटार कंपनीत इंजिनिअर. मूळचा बेळगावच्या टिळकवाडीचा, बोलणं मोजकं. त्या दिवशी तर फारच मोजकं होतं. घरी आल्यावर वैशालीनं हळूच सांगितलं, "ह्यांच्या ऑफिसात पण माणसं कमी करायलेत. ह्यांचं काम करणारी दोघंच, ह्ये आणि एक मारिया म्हणून बाई. त्यातला एक जाणार. आणि व्हिसाच असा हाय, नोकरी गेली की दोन महिन्यांत दुसरी मिळवायची, न्हायतर देश सोडायचा."

जेवायला भाकरी होती. तिथं ज्वारीचं पीठ मिळतं, पण शिळं, थापताना चिरतं. कणसं मात्र उसासारखी गोड.

दुसऱ्या आठवड्यात मी एक घोळ केला. अंगणात झाडाच्या पानांचा ढीग पडलेला. आपल्याकडं करतो तसं झाडून कोपऱ्यात ओढला आणि काडी लावली. धूर शेजारी गेला. शेजारचा गोरा माणूस पाण्याची नळी ओढत धावत आला, आग विझवली आणि माझ्याकडं बघून हसत सुटला. वैशाली कपाळाला हात लावून बाहेर आली.

"अण्णा, इथं असं पेटवलं तर दंड हाय!"

"मग पानांचं करायचं काय?"

"पिशव्यात भरून ठेवायची. गाडी येऊन नेती."

"पानं न्यायला गाडी? लई माजलेत की गं."

तो माणूस डेव्ह. माझ्या हातावरच्या डागांकडं त्याचं लक्ष गेलं. निपाणीला परत यायच्या आधी तीस वर्षं मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मोल्डर (वाळूचा साचा घालणारा) होतो. लोखंडाचा रस उडून पडलेले ते डाग. त्यानं बोट दाखवलं, "फौंड्री?" मी म्हणालो, "फौंड्री." त्यानं बाही वर करून आपला डाग दाखवला. तरुणपणी तोही भट्टीवर होता, मग मोटारी जोडायच्या लाइनीवर गेला. एवढं कळायला आम्हाला वैशाली लागली नाही.

पुढचं तिनं सांगितलं. डेव्हला ले-ऑफ होता. मोटारी खपत नाहीत म्हणून दोन पाळ्यांची एक केली आणि उरलेली माणसं घरी बसवली. मी त्याच्याकडं बघतच राहिलो. काम गेलेला माणूस शिट्टी वाजवत कुंपण रंगवत होता. आतून त्याची बायको लिंडा ओरडली आणि वैशाली हसायला लागली.

"काय म्हणाली?"

"ती म्हणती, कंपनीनं ह्याला घरी बसवलं आणि मला दोन पाळ्या लावल्या."

मला एकाच वेळी दोन हेवे वाटले. एक शिट्टीचा, एक आतून येणाऱ्या आवाजाचा.

शनिवारी डेव्ह मला आणि वैशालीला त्यांच्या युनियनच्या कचेरीत घेऊन गेला. बैठी इमारत, आत लांब टेबलं, एक बाई मोठ्या पातेल्यातून सूप वाढत होती. भिंतीवर कागदाची यादी. डेव्हनं तिच्यावर बोट ठेवून सगळं समजावलं. कामाला लागलेल्या तारखेप्रमाणं नावं. शेवटी आलेला आधी घरी जातो. काम परत आलं की जुना आधी आत येतो. मध्ये लाल रेघ, तिच्याखालची नावं घरी बसलेल्यांची. डेव्हचं नाव रेघेखाली तिसरं. रेघ सरकेपर्यंत सरकारकडून थोडे आणि युनियनच्या करारातून थोडे पैसे मिळतात.

मी वैशालीला म्हणालो, "त्याला विचार, साहेबाला कोण जाऊन भेटत न्हाय?"

डेव्हला कळेना. "कशाला भेटायचं?"

"माझं नाव काढा म्हणून."

तो हसला. "साहेब काय करणार? यादी त्याची नाही. आमची आहे."

सूपवाली बाई मध्येच बोलली. तिच्या भावाचा कारखाना पुरताच बंद झाला. "कारखानाच उठला तर यादी काय चुलीत घालायची?" असं काहीतरी ती म्हणाली. खरं आहे. तरी माझा हेवा काही कमी झाला नाही. बुडायचं असलं तरी या लोकांना रांगेनं बुडायला मिळत होतं.

आमच्याकडं यादी मालकाच्या खिशात असायची. आमच्या फौंड्रीतून मोटारींचे भाग बाहेरदेशी जायचे. तिकडं मोटारी खपेनाशा झाल्या की इकडं भट्टी दिवसाआड पेटायची. वैशाली सातवीत असताना आठ माणसं कमी करायचं ठरलं आणि त्यात माझं नाव असल्याचं मला कळलं. उन्हाळ्याचे दिवस. मालकिणीचे सांडगे-पापड चालले होते. मी सुशीलाला तिकडं पाठवलं. आठ दिवस तिनं त्यांच्या गच्चीवर पापड लाटले, फुकट. नवव्या दिवशी माझं नाव यादीत नव्हतं. माझ्या जागी कल्लाप्पा गेला. माझ्याच जोडीला साचा घालणारा. त्यानंतर मी रिटायर होईपर्यंत दर उन्हाळ्यात मालकिणीचा निरोप यायचा आणि सुशीला जायची. स्वतःच्या घरी तिनं पुन्हा पापड लाटला नाही. दुकानातून आणायची.

परत येताना गाडीत वैशाली बोलत होती. प्रशांतचा मॅनेजर हैदराबादचा. त्याच्या मुलीचा वाढदिवस पुढच्या शनिवारी, चाळीस माणसं जेवायला. मॅनेजरच्या बायकोनं विचारलं होतं, वैशाली, तू पुरणपोळ्या करशील का? "करते म्हणणार हाय मी. ह्यांचं नाव राहील."

रात्री जेवताना मी म्हणालो, "तू करायचं न्हाईस."

"का?"

"न्हाय म्हणजे न्हाय."

"अण्णा, आईनं पण असंच घर वाचवलं की. मला म्हायती हाय. मी जायची तिच्याबरोबर, पापड वाळत घालायला. आठ दिवसांनी तुमी पेढं आणलता."

तिला कल्लाप्पाचं माहीत नव्हतं. मी सांगितलं. पेढे आणले त्याच दिवशी तो आपला डबा आणि टॉवेल घेऊन गेटातून बाहेर पडला, आणि मी वाळू चाळत खाली मान घालून बसलो, हेही सांगितलं. "तुझ्या पुरणपोळीनं प्रशांतचं नाव राहील, पण कुणाचं तरी जाईलच की. त्या मारियाचं जाईल."

वैशाली तडकली. "मग जाऊ दे! मला माझं घर न्हाय व्हय?"

इतका वेळ प्रशांत ताटातल्या शितांशी खेळत होता. त्यानं विचारलं, "अण्णा, डेव्हच्या यादीप्रमाणं आमच्या दोघांत कोण जाईल?"

"शेवटी कोण लागलं?"

"मी. मारियानंतर वर्षानं."

ज्या यादीसाठी मी दिवसभर जळत होतो ती माझ्याच लेकीच्या घरावर येऊन बसली होती. यादी बरोबर आहे, असं म्हणायला हवं होतं. वैशाली माझ्याकडं बघत होती. शेवटी एवढंच म्हणालो, "मला इचारू नका. मी असल्या वेळेला एकदा चुकलोय."

प्रशांत तिला म्हणाला, "तू ठरव. मला नोकरी पाहिजे, खोटं कशाला बोलू? पण हात तुझे आहेत. राबायचं तुला आहे, आणि एकदा केलंस की दर वर्षी करावं लागेल."

ती उठून आत गेली. दार आपटलं. सकाळी चहाच्या वेळी तिनं मॅनेजरच्या बायकोला फोन लावला, माझ्यासमोरच. इंग्रजीत बोलली, पण "सॉरी" मला कळलं. फोन ठेवून म्हणाली, "झालं का समाधान?"

त्या वाढदिवसानंतरच्या शुक्रवारी प्रशांत घरून काम करत असताना त्याला कामावरून काढल्याची मेल आली. दहा वाजता त्याचा कंपनीचा कॉम्प्युटर आपोआप बंद पडला. नोकरी जायला त्याला बूटसुद्धा घालावे लागले नाहीत. पुरणपोळ्या केल्या असत्या तर राहिली असती का? मला माहीत नाही. वैशालीलाही नाही, आणि म्हणून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. लिंडा केक घेऊन आली. डेव्ह प्रशांतच्या शेजारी पायरीवर बसला, युनियन नसलेल्या माणसाला काय सांगावं ते त्याला सुचेना. पुढच्याच आठवड्यात त्याची रेघ सरकली आणि तो डबा घेऊन कामावर निघाला. मी खिडकीतून बघत होतो. वाटलं, ह्याच्या गाडीचं चाक पंक्चर व्हावं. खोटं कशाला सांगू.

माझ्या परतीच्या दिवशी विमानतळावर वैशाली म्हणाली, "आई असती तर म्हणाली असती, कर पोळ्या."

मी म्हणालो, "व्हय. म्हणाली असती."

"मग तुमी का आडवलासा?"

आत बोलावणं आलं. उत्तर द्यायचं राहिलं.

निपाणीत लोक विचारतात, अण्णा, अमेरिका कशी हाय? मी सांगतो, रुंद हाय. पानं न्यायला गाडी येते म्हटलं की सगळे हसतात. युनियनच्या यादीचं सांगितलं तर कुणी ऐकून घेत नाही.

परवा वैशालीचा फोन आला. अजून नोकरी नाही, एक महिना उरलाय. मागं भांडी वाजत होती. ती मध्येच ओरडली, "अहो, ती कढई तारेनं घासू नका!" प्रशांत काहीतरी म्हणाला आणि ती खदखदून हसली. डोक्यावर टांगती तलवार, आणि ही दोघं कढईवरून हसतायत.

फोन ठेवला तेव्हा कळलं, मला या पोराचा हेवा वाटतोय. नोकरी गेलेल्या जावयावर जळणारा सासरा दुसरा कुणी नसंल. पण त्यानं बायकोला विचारलं, तिनं ठरवलं, आणि जे झालं ते दोघांचं झालं. मी सुशीलाला विचारलं नव्हतं. उंबऱ्यात उभा राहून मालकाच्या बंगल्याच्या दिशेनं हात केला आणि म्हणालो, "जा." ती पदर खोचून गेली.