टोकं वर ठेवलेली जाळी

सगळी गल्ली तिला मावशी म्हणते, पण माझी ती सख्खी. कुंपणाची जाळी विणते. पत्र्याच्या शेडमध्ये तिचं यंत्र दिवसभर खडखडत असतं. एका बाजूने तार आत जाते, दुसऱ्या बाजूने जाळी बाहेर पडते. बोटं कायम ग्रीसने काळी आणि राग कायम नाकावर. जाळीची भेंडोळी बांधायला मी तिच्याकडे असते, त्यामुळे तो राग आधी माझ्या वाट्याला येतो.

जाळीच्या कडेला तारेची टोकं सुटी राहतात. ती पिळून तशीच वर ठेवली की सुईसारखी टोचतात. ज्याच्या घरी कुत्रं असेल त्याची टोकं मात्र मावशी पक्कडीने खाली दुमडून देते. घाईतलं गिऱ्हाईक "राहू द्या तशीच" म्हणालं तर त्यालाच झापते. "कुत्रं उडी मारणारच. तुम्हाला विचारून मारणार नाही."

लोकांची अंगणं बंद करणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या अंगणाला मात्र कुंपण नव्हतं. समोर रस्त्याकडे भिंत आणि फाटक होतं, पण शेजारच्या टेम्पोवाल्याच्या बाजूला नुसती विटांची रांग. तो ती ओलांडून आमच्या अंगणातून सरळ रस्त्यावर जायचा आणि फाटक उघडं टाकायचा. "कडी लाव रे बाबा," मावशी ओरडायची. "लावतो की मावशी," म्हणायचा आणि लावायचा नाही. एका दुपारी आमचा कुत्रा ढब्बू त्या उघड्या फाटकातून बाहेर गेला आणि ट्रकखाली आला.

मावशीने त्याला चादरीत गुंडाळून आत आणलं. टेम्पोवाला दारात आला, डोकं खाजवत उभा राहिला आणि म्हणाला, "कुत्रंच ते मावशी. दुसरं आणा."

ती नुसती चादरीची टोकं नीट करत राहिली. मावशी आरडाओरडा करते तोवर मी निवांत असते. तिने मिठाची गुळणी धरली की मला घाम फुटतो.

दुसरं कुत्रं तिने आणलं खरं, झिपरी. पण त्याआधी कुंपण घातलं. टेम्पोवाल्याच्या बाजूला सिमेंटचे खांब पुरले, छातीएवढी जाळी ताणून बांधली, खालची कड दुमडून मातीत गाडली म्हणजे उकरून निसटायला नको. फाटकाला स्प्रिंग बसवली, आपोआप लागणारी. सगळं कसं जिथल्या तिथे. शेवटी वरची कड राहिली. मी पक्कड घेऊन उभी.

"टोकं वरच राहू देत," मावशी म्हणाली.

"अगं, पण कुत्रं..."

"वर म्हटलं ना! तो मेला चढून येईल इथून, तेव्हा कळेल त्याला. रक्त निघालं पाहिजे त्याचं."

खरं सांगते, त्याची पँट टर्रकन फाटलेली मलाही बघायची होती. मी पक्कड ठेवून दिली.

पण तो आलाच नाही. मुकाट्याने लांबच्या वाटेने जायला लागला. मावशी यंत्रावर बसल्या बसल्या जाळीकडे डोळे लावायची आणि दातओठ खायची. त्यात भर म्हणजे तो झिपरीला जाळीतून बिस्किटं भरवायला लागला. त्याच्या टेम्पोचा आवाज आला की ही शेपटी हलवत पळाली. "फितूर कुठली!" मावशी तिला म्हणायची, "अगं, तुझ्या आधीच्याला खाल्लंय त्याने!" झिपरीला त्याचं काय?

एक दिवस त्याने येता येता बिस्किट जरा वर धरलं. झिपरीने उडी घेतली. पुढचा पाय टोकांवर पडला, काखेत तार घुसली आणि ती तिथेच लटकली. तिचं ते ओरडणं यंत्राच्या खडखडाटातही ऐकू आलं.

आम्ही पोचेपर्यंत टेम्पोवाल्याने पलीकडून दोन्ही हात टोकांवरून घालून तिला उचलून धरलं होतं. जितकी ती धडपडत होती तितकी टोकं त्याच्या दंडात रुतत होती. "खालून धरा मावशी, खालून!" मावशीने तिला खालून पेललं, मी पाय सोडवला. त्याने हात काढले तेव्हा शर्टाच्या बाह्या लाल झाल्या होत्या आणि कड त्याच्या रक्ताने भिजली होती. त्याच्याच टेम्पोतून झिपरीला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. टाके पडले, पण वाचली. "बोटभर आत गेली असती तर काही खरं नव्हतं," डॉक्टर म्हणाले. मावशीने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र बंद होतं. मावशी जाळीपाशी उभी राहून एकेक टोक दुमडत होती. टेम्पोवाला पलीकडे येऊन उभा राहिला, दोन्ही हात पट्ट्यांत गुंडाळलेले.

"मावशी, ही टोकं माझ्यासाठीच होती ना?"

"हो."

"मला कळलं होतं. म्हणून तर येत नव्हतो." त्याने फाटकाकडे पाहिलं. "फाटक मी उघडं टाकलं होतं. ढब्बूच्या वेळी."

"माहितीय मला."

"मग आता माझं रक्त निघालं. बरं वाटलं का?"

मावशीची पक्कड थांबली. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं, मग पायरीवर बांधलेल्या झिपरीकडे. तिचे डोळे भरून आले होते आणि त्या भरलेल्या डोळ्यांनीच ती त्याच्याकडे असं बघत होती की मीच दोन पावलं मागे सरकले.

"नाही वाटलं," ती म्हणाली. "आणि याचाही राग मला तुझाच येतोय."

मग तिने पुढचं टोक पक्कडीत धरलं आणि दुमडलं.