आडवं दार

दारवाल्याचं बूड कधी एका जागी टेकलं नाही. चाळीस वर्षं लोकांची दारं केली, पण स्वतः कुठल्या दाराआड तासभर बसला नसेल. बायको म्हणायची, जेवतानाही याचा एक पाय चपलेतच.

उतारवयात त्याने एक लहान होडी घेतली, पुढच्या भागावर स्वतः लाकडी डेक ठोकला आणि डेकखाली सामानाला कप्पा ठेवला. मागे त्या कप्प्यातूनच तळ्यापलीकडच्या अक्काच्या गिऱ्हाइकांचे कपडे आणले, तर लाटांचं पाणी गळून सगळं गाठोडं चिंब. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, शिवणकामावर जगणारी. आता रविवारी तिला भाड्याची जागा सोडायची होती, आणि पलीकडचा रस्ता खचलेला. तिने बजावलं होतं, शिलाई मशीन कोरडी पोचली तर तुझ्याकडे राहीन, नाहीतर होडी तशीच मागे फिरव, मी नणंदेकडे चालले.

गळती थांबावी म्हणून सोमवारी दारवाल्याने डेकला वार्निशचा पहिला हात दिला. डब्यावर लिहिलेलं, मध्ये एक दिवस वाळू द्या. त्याने संध्याकाळीच दुसरा हात ओढला. सकाळी बघतो तर दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या. मंगळवार खरवडण्यात गेला. मग बायकोने ब्रशच लपवला, आणि दिवसाला एकदाच हातात द्यायची. हा अंगणात येरझारा घालून माती उकरत राहिला.

शुक्रवारी कप्प्यात वर्तमानपत्र अंथरून वरून दोन बादल्या ओतल्या. तासाभराने कागदावर बटणाएवढे ओले ठिपके, अगदी ओळीने. ओळ बघून त्याने मान वर करून डेक खालून न्याहाळला. प्रत्येक ठिपक्यावर स्क्रू होता. स्क्रूचं डोकं आत बुडवायचं आणि वरचं भोक भुसा नि पांढऱ्या गोंदाने बुजवायचं, ही हाताची सवय. घरातल्या दाराला ते जन्मभर पुरतं. इथे वरचं वार्निश केसभर तडकलं आणि खाली गोंदाचा चिखल झाला.

"मी डेक केलाच नाही गं," तो बायकोला म्हणाला, "आडवं दार केलंय."

"मग कडी लावायची राहिली," ती म्हणाली आणि पेचकस आणायला गेली.

चौसष्ट भोकं दोघांनी उकरली. पाण्यात टिकणारा मसाला भरला, तो रात्रभर वाळायला हवा. शनिवारी घासून वार्निशचा हात दिला, आणि बायको होडीच्या वाटेतच स्टूल टाकून शेंगा सोलत बसली. तीनदा तो आला, तीनदा परत गेला. रविवारी उजाडता उजाडता मात्र ती झोपलेली बघून त्याने आणखी एक पातळ हात मारलाच.

मशीन कप्प्यात ठेवून अक्काला घेऊन परतताना वारा उलटा होता. लाट डेकवर फुटायची आणि दारवाला वल्ही सोडून कप्प्यात डोकावायचा. शेवटी अक्का म्हणाली, "पाण्याने नाही, तुझ्या चुळबुळीने बुडू आपण."

काठाला लागल्यावर तिने आधी हात आत घातला, मशीनच्या लोखंडावरून फिरवला, बोटं उन्हात धरून बघितली. कोरडी. मग उतरायला डेकवर पाय दिला, तर पाय पुढे आला आणि चप्पल मागे राहिली.

"हा हात कधीचा?"

"सकाळचा."

अक्काने दुसरीही चप्पल काढली, अनवाणीच घराकडे निघाली आणि मशीन उचल म्हणाली.

चपलेचा ठसा डेकवर तसाच आहे. घासून काढायचा तर वार्निश पुरतं वाळू द्यायला हवं होतं, आणि दारवाला दुसऱ्याच दिवशी होडी घेऊन गेला होता.