भिंतीवरची मेणबत्ती

मोनिकाकाकूंच्या बाळावर अन्याय झाला तो गेल्या वर्षी मृतांच्या दिवशी, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर, आम्हा सगळ्यांच्या देखत.

बाळ त्याच वर्षी एका सकाळी जन्मलं आणि दुपारी गेलं. बाप्तिस्मा राहिला, म्हणून गावाच्या चालीप्रमाणे त्याला दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरलं. मृतांच्या दिवशी संध्याकाळी आत प्रत्येक कबरीवर मेणबत्त्या पेटल्या होत्या. काकूंनी आपली भिंतीवर ठेवली. वारा ती विझवायचा, काकू पुन्हा लावायच्या.

म्हातारे राखणदार इनासबाबा म्हणाले, "मोने, आत लाव की, सासऱ्याच्या कबरीवर."

"सासऱ्याला पुष्कळ उजेड आहे, बाबा."

"बाहेरच्यांचा न्याय देव करतो, बाई."

"मग त्याला दिसायला उजेड नको?"

बाबांनी मेणबत्ती उचलून आत नेली. आम्ही आपापल्या मेणबत्त्या सांभाळत राहिलो.

कपाळाला बाप्तिस्म्याचं पाणी लागलं नाही म्हणून बाळाला अनंतकाळची शिक्षा? देवाचं मन एवढं कोतं असेल, तर भिंतीशी उभी असलेली ती आई त्याच्याहून मोठी. पण ते मन त्याचं नव्हेच. फादरसुद्धा हल्ली सांगतात, अशी बाळं देवाच्या दयेवर सोपवा. भिंत देवाने नाही बांधली. आपल्याच गवंड्यांनी बांधली, आणि दर वर्षी तिला चुना आपणच लावतो.

मृतांचा दिवस पुन्हा येतोय. पहिली मेणबत्ती भिंतीबाहेर, त्या बाळाच्या मातीवर लावा. नसेल लावायची, तर काकूंसमोर उभे राहा आणि तुमचं बाळ नरकात आहे, असं त्यांच्या तोंडावर सांगा.