आत्याबाईंची नऊ पावलं

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. चुका असतील, माफ करा. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो, म्हणून वहीत लिहिते आहे. भुताखेताचे असले अनुभव आमची मुलगी मोबाईलवरून वाचून दाखवायची, तेव्हा मी भाकरी थापत हसायची. मला ते कधी पटले नाहीत. आजही पटत नाहीत... ही एकच गोष्ट डोक्यातून जात नाही.

आम्ही लिंगायत. लातूरच्या कडेला सासरचं दोन एकर रान आहे. आता क्लासच्या पोरांची हॉस्टेलं आमच्या बांधाला येऊन टेकलीत. मीही त्या पोरांवरच जगते — मेस चालवते, तेव्हा चाळीस डबे होते. आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत, रानात पुरतात. मेलेल्याच्याच पावलाच्या मापानं चारी बाजू नऊ-नऊ पावलं मोजून चौकोनी खड्डा घेतात, त्यात देह मांडी घालून बसवतात आणि वर ओटा बांधतात. आमच्या रानाच्या कोपऱ्यात असे सहा ओटे आहेत.

सातवी समाधी गौराआत्यांची. तिला ओटा नव्हता, आणि जागा कोणालाच माहीत नव्हती. गौराआत्या माझ्या सासऱ्यांची चुलत बहीण, किल्लारीकडं दिलेली. भूकंपात घर बसलं, घरातलं एक माणूस उरलं नाही. तिकडं सगळ्यांना एकत्र जाळत होते. सासरे ट्रॅक्टर घेऊन गेले, बहिणीला इकडं आणलं आणि भर पावसात पुरलं. ओटा मात्र बांधला नाही. का, ते मरेपर्यंत सांगितलं नाही. हे सगळं माझ्या लग्नाआधीचं.

मग माझ्या दिरांनी, बसवराज भावजींनी, रानाचा सौदा एका हॉस्टेल बांधणाऱ्याशी ठरवला. ओट्यांचा कोपरा आमच्याकडं राहील, बाकी रान त्याचं. इसाराचे आगाऊ पैसे मिळाले, अर्धे आमच्या वाट्याला आले. त्यात मी मोठी पातेली, शेगड्या, कणीक मळायचं मशीन घेतलं.

खरेदीला आठ दिवस उरले होते, तेव्हा अर्धापूरहून फोन आला. गौराआत्यांची धाकटी बहीण तिथं केळीच्या बागेत मुलाजवळ असते. म्हणाली, "विका, माझं काही म्हणणं न्हाई. पर माझी बहीण त्या कोपऱ्याच्या आत हाय का बाहेर, तेवढं बघून विका. तिच्या डोक्यावर पोरांचा संडास नको."

भावजी म्हणाले, कोपऱ्यातच असणार, म्हातारीला केळी मोजत बसायला सांगा. मला मात्र जेवण जाईना. त्या दिवशी मी पहिल्यांदा भावजींसमोर तोंड उघडलं. "बघून तर येऊ," मी म्हणाले.

"वहिनी बोलल्या," ते हसले. "मग जायलाच पाहिजे."

दुपारचे डबे पोचवून दीड वाजता निघालो. भावजी, मी, आणि आमच्या घराण्याचे म्हातारे पुरोहित, जंगमस्वामी. चैत्राचं ऊन होतं. ओट्यांच्या मधल्या जागेत भावजींनी पहार मारून पाहिली, सगळीकडं टणक. मी ओट्यांजवळ चप्पल काढलेली, तशीच अनवाणी लिंबाच्या सावलीकडं निघाले. रानाच्या मधोमध, कोपऱ्यापासून बरीच लांब, पायाखाली गार लागलं.

खाली पाहिलं तर ओली पावलं. टाचेला बोटं टेकवून मोजत गेल्यासारखी, ओळीत नऊ. मग वळून पुन्हा नऊ. चारी बाजू. बाहेरून आत येणारं किंवा बाहेर जाणारं एकही पाऊल नव्हतं. आमचं बोअर दोन वर्षं बंद... पाणी कुठून येणार? मी शेजारी माझा पाय ठेवून पाहिला. माझी बोटं सुरू होतात तिथंच ते पाऊल संपत होतं.

भावजींचं लक्ष जावं म्हणून मी नुसतीच खोकले. भावजी आले, म्हणाले, कुणाचं तरी पोरगं खेळलं असेल. मग स्वतः मोजली. दुसऱ्यांदा मोजली. मग चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. तेवढ्यात पावलं वाळायला लागली — सगळी एकदम नाही, पहिलं आधी, मग दुसरं, मग तिसरं... कुणी चालत गेल्यासारखी.

जंगमस्वामी तिथंच मातीत बसले.

"मी होतो त्या दिवशी," ते म्हणाले. "पाऊस, अंधार, कंदील टिकंना. जागा मलाबी ध्यानात राहिली न्हाई. गौरा दिवसभर ढिगाऱ्याखाली होती, अंग लाकडासारखं झालतं. बसवता आलं न्हाई, पोरी. आडवी ठेवली. पावलाचं मापबी घेतलं न्हाई. रीत मोडली म्हणून ओटाबी बांधला न्हाई. तुझ्या सासऱ्यानं मला शपथ घातली, कुणाला सांगू नका म्हणून."

भावजींनी दगडांच्या मध्ये पहार टेकवली. ती हातभर आपसूक खाली गेली. त्यांनी ती उपसली आणि पुढं खणलं नाही.

संध्याकाळी मी अर्धापूरला फोन केला. काय घडलं ते सांगितलंच नाही. गौराआत्यांचे पाय कसे होते, एवढंच विचारलं.

"लहान होते," म्हातारी म्हणाली. "लग्नात सोनारानं जोडवी पोरीच्या मापाची करून दिली. तुला कुणी सांगितलं गं?"

मी फोन ठेवला.

मधली जागा सोडली तर हॉस्टेल बसत नव्हतं, म्हणून सौदा मोडला. भावजींनीच मोडला, आणि मला त्यावरून एका शब्दानं बोलले नाहीत. त्या चार दगडांच्या आत ओटा बांधला. अर्धापूरची आत्या आली, हात फिरवून गेली.

मुलगी म्हणते, आई, ऊन डोक्यात गेलं असेल. पण मग भावजींच्याही डोक्यात तसंच गेलं का? त्यानंतर कितीदा तरी मी त्याच वेळेला तिथं जाऊन उभी राहिले. नुसती तापलेली माती. मला याचा अर्थ लागला नाही, आणि लागेल असंही वाटत नाही.

भावजींनी त्यांचा अर्धा इसार लगेच परत केला. माझा पातेल्या-शेगड्यांत गेला होता. चाळीसाचे साठ डबे केले, पहाटे चारला उठू लागले, आणि दर महिन्याला थोडे थोडे देत गेले. चार वर्षं लागली. मागच्या महिन्यात शेवटचे नेऊन दिले. हॉस्टेलवाल्याच्या मुनीमानं पैसे मोजले, इसारपावती फाडून माझ्या हातात दिली आणि विचारलं, "बाई, एवढी मोक्याची जागा सोडली कशाला?"

मी पावतीचे तुकडे पदराला बांधले आणि डबे भरायला घरी आले. पैसे पूर्ण फिटले.