इस्त्रीवाल्या मावशींची निवृत्ती

अर्जदार : माझ्या टेबलाशेजारच्या इस्त्रीवाल्या मावशी. प्रतिवादी : त्यांचा मुलगा, जवळच्या वळ गावातल्या गोदामात सुपरवायझर. साक्षीदार : मी, अर्जलेखक, भिवंडी.

मावशी मोबाइलवर एका निवृत्त चिनी टेनिसपटूचे जुने सामने पाहतात आणि दर सदऱ्यावर तिच्यासारखीच आरोळी ठोकून इस्त्री फिरवतात. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून मुलाने काल इस्त्री कपाटात कुलूपबंद केली.

“चीनवाली गुडघं बांधून खेळली ना, भाऊ!”

“अखेर तीही थांबली,” मी वस्तुस्थिती निदर्शनास आणली.

“आपल्या मर्जीनं! पोराला इचारून न्हाय!”

हा मुद्दा मी अर्जात जसाच्या तसा नोंदवला. सबब प्रतिवादीने इस्त्री परत करून लेखी उत्तर द्यावे. तोवर अर्जदार माझ्या खुर्चीत बसल्या असून हा अर्ज मी उभ्याने लिहीत आहे.